पेन्सिलीखालचा चेहरा

अप्पांच्या फोटो स्टुडिओची किल्ली सोमवारी मालकाला परत द्यायची होती, आणि शनिवारची दुपार झाली तरी त्यांच्या मुलांचं, दादा आणि शेंडेफळ यांचं एका गोष्टीवरही एकमत झालेलं नव्हतं. मागचा रंगवलेला पडदा कुणाच्या घरी जाणार, दिव्यांच्या छत्र्या कुणी ठेवायच्या, निगेटिव्हची सहा कपाटं मावणार तरी कुठं, सगळंच अधांतरी. स्कॅनर खिडकीखालच्या टेबलावर ठेवायचा एवढं मात्र ठरलं. तेही चालू असलेला प्लग तिथं एकच होता म्हणून.

स्कॅनर शेंडेफळाच्या नकाशा कार्यालयातला. झाकणातही दिवा असलेला, म्हणजे फोटोही चालतो आणि निगेटिव्हही. साहेबांच्या हातापाया पडून तिनं तो दोन दिवसांसाठी आणला होता. एकोणीस वर्षं ती जुने फाटके नकाशे स्कॅन करत आली होती, त्यामुळं फोटो म्हणजे काय, डाव्या हातचा मळ, असं तिला वाटत होतं. शेंडेफळ हे काही तिचं खरं नाव नव्हे. सगळ्यात धाकटी म्हणून आत्यानं ते ठेवलं आणि ती त्रेचाळीस वर्षांची झाली तरी घरातल्यांच्या तोंडून सुटलं नाही.

तिला कपाटंबिपाटं काही नको होती. तिला आई हवी होती.

आई आजारानं गेली तेव्हा ती अकरा महिन्यांची होती आणि दादा अकरा वर्षांचा. दादाचे आईच्या मांडीवर बसलेले तीन फोटो आहेत. एकात तर त्यानं भोकाड पसरलंय. तिन्हींत आई मान खाली घालून त्याच्याकडं बघतेय, चेहरा धड दिसत नाही. शेंडेफळाचा आईबरोबर एकही फोटो नाही. अख्ख्या गावाची बाळं याच स्टुडिओत उताणी पडून हसली, आणि फोटोग्राफरच्या मुलीचा आईबरोबर फोटो नाही! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. कधी विचारलं तर अप्पा म्हणत, "आज काढू, उद्या काढू करत राहिलो गं," आणि लेन्स पुसायला घेत. तिच्याकडं आई म्हणून होता तो भिंतीवरचा एक मोठा फोटो. खांद्यापर्यंतचा, गुळगुळीत, कॅलेंडरवरच्या बाईसारखा. त्याच्याकडं कितीही वेळ बघितलं तरी आत शिरायला जागा सापडायची नाही. आज तो चेहरा पडद्यावर मोठा करून, पापणी न् पापणी बघायची, असं ती मनाशी ठरवून आली होती.

सकाळी तिनं आधी तो भिंतीवरचा फोटोच काचेवर पालथा घातला. पण त्याचा कागद खडबडीत जातीचा, रेशमी कापडासारखा. स्कॅनरचा दिवा त्याच्या प्रत्येक उंचवट्यावर चमकला आणि आईच्या तोंडावर पांढऱ्या ठिपक्यांची जाळी पसरली. फोटो आडवा ठेवला, उलटा ठेवला. जाळीनं फक्त दिशा बदलली.

"पूस ना काच," दादा म्हणाला.

"तीनदा पुसली."

"माझ्या कापडानं पूस." दादाचं चष्म्याचं दुकान. जगातल्या सगळ्या दुःखांवर त्याच्याकडं एकच औषध, ते पिवळं मऊ कापड.

"दादा, काच साफ आहे. कागदच खडबडीत आहे. याची निगेटिव्ह शोधायला हवी."

निगेटिव्ह अप्पांनी काढून दिली. गिऱ्हाइकांना बसवायच्या उंच पाठीच्या खुर्चीत ते बसले होते. पन्नास वर्षांत त्या खुर्चीवर बसायची त्यांना सवड झाली नव्हती. वय ब्याऐंशी, हात कापतात, पण तिसऱ्या कपाटाचा खालून दुसरा खण हे त्यांनी बसल्या जागेवरून सांगितलं. तळहाताएवढी काळी-पांढरी फिल्म, पिवळट पाकिटात. पाकिटावर काहीही लिहिलेलं नव्हतं.

"एवढी एकच आहे," अप्पा म्हणाले. "सांभाळून."

पहिल्या स्कॅनमध्ये आईच्या कपाळाभोवती रंगीत कडी आली. एकात एक, एकात एक.

"बिघडला वाटतं तुझा डबा," आत्या खुश होऊन म्हणाली. आत्या अप्पांची थोरली बहीण. शेंडेफळाला तिनंच वाढवलं, आणि यंत्रं बिघडली की तिला फार बरं वाटतं.

"थांबा," दादा खुर्ची ओढत पुढं आला. आता त्याच्या हद्दीतली गोष्ट निघाली होती. "बिघडलेलं काही नाही. दोन गुळगुळीत पृष्ठभाग एकमेकांना चिकटले की मधल्या हवेच्या पापुद्र्यात हे रंग दिसतात. माझ्याकडं दोन भिंगं एकावर एक ठेवली की रोज दिसतात. फिल्मची चकचकीत बाजू काचेवर ठेवलीयस तू. पालटून ठेव, मॅट बाजू खाली."

"मग चित्र उलटं येईल."

"येऊ दे. कॉम्प्युटरवर सुलटं कर. एवढं येतं ना नकाशाच्या बाईला?"

कडी गेली. दादानं विजयी मुद्रेनं बायकोकडं पाहिलं, आणि वहिनीनं "वा, वा!" म्हणून त्याचं समाधान केलं. तीस वर्षांच्या संसारात ती एवढं शिकली होती.

पण चेहरा धूसर होता. फिल्मच्या कडा वळल्या होत्या, त्यामुळं एक गाल स्पष्ट तर दुसरा पाण्यात बुडाल्यासारखा. यावेळी तोड काढली वहिनीनं. तिनं एका जुन्या अल्बमच्या काळ्या पुठ्ठ्याची चौकट कापली आणि फिल्म तिच्यात ताणून चिकटवली. तिचं बघून दादाला सुचलं की यंत्राची नजर काचेवर नाही, काचेच्या जराशी वर लागत असणार. "चाळिशीच्या चष्म्यासारखं. फार जवळ धरलं तरी दिसत नाही." एक पुठ्ठा, दोन पुठ्ठे, तीन पुठ्ठे. दोन पुठ्ठ्यांवर पापण्या मोजता येऊ लागल्या.

तास दीड तास भावा-बहिणीत एक वाकडा शब्द गेला नव्हता. आत्यासुद्धा खुर्ची ओढून जवळ आली.

"अगं बाई," वहिनी म्हणाली, "गालांवर काय आहे हे?"

दोन्ही गालांवर, भुवयांच्या वर आणि वरच्या ओठावर बारीक खरखर दिसत होती. असंख्य छोट्या छोट्या रेघा, आडव्या-तिरप्या.

"धूळ," शेंडेफळ म्हणाली आणि सवयीनं धूळ काढायचं बटण दाबलं. ऑफिसातल्या रंगीत फिल्मांवर ते जादूसारखं चालायचं. यंत्र न दिसणारा एक वेगळा प्रकाश सोडतं. तो रंगांतून आरपार जातो, धुळीवर अडतो, की यंत्र म्हणतं ही धूळ, आणि भरून टाकतं. पण काळ्या-पांढऱ्या फिल्मवर चित्रच चांदीचं. त्यावरही तो प्रकाश अडतो. त्यामुळं यंत्रानं आईलाच धूळ समजून पुसायला घेतलं. पडद्यावर जी उमटली तिला पापण्या नव्हत्या, नाकपुड्या बुजल्या होत्या आणि एक कान कापसाचा झाला होता.

"मेणबत्ती झाली की गं माझ्या सासूबाईंची!" वहिनी हसली. मग शेंडेफळाचा चेहरा बघून तिनं हसू आवरलं.

"बंद कर ते," अप्पा खुर्चीतून म्हणाले. "धूळ नाहीये ती."

शेंडेफळानं फिल्म उचलली, खिडकीशी नेली आणि तिरपी धरली. उजेड पडताच गालांच्या जागी शिशासारखी चमक दिसली.

"पेन्सिल आहे," ती म्हणाली. "अप्पा, पेन्सिल आहे ही. तुमची."

 कुणी सांगायची गरजही नव्हती. अप्पांचं रिटचिंग म्हणजे त्या वेळी नावाजलेलं काम. सुईसारखी टोकदार पेन्सिल घेऊन ते निगेटिव्हवर बसत. चेहऱ्यावरचा काळा डाग निगेटिव्हवर स्वच्छ, पारदर्शक असतो. तेवढी जागा पेन्सिलीनं भरली की कागदावर डाग नाहीसा. देवीचे व्रण, डोळ्यांखालची वर्तुळं, काहीही. लग्नाच्या मुली दुसऱ्या गावांहून येत. अप्पांच्या अंधाऱ्या छापखोलीत फोटो छापताना त्या रेघा मऊ प्रकाशात विरघळून जात, म्हणून कधी कुणाला दिसल्या नाहीत. या हट्टी यंत्रानं मात्र त्या एकेक करून मोजून दाखवल्या.

"म्हणजे मी इतकी वर्षं तुमच्या पेन्सिलीकडं बघत होते," शेंडेफळ म्हणाली. "हिच्याखाली काय आहे?"

"काही नाही गं," आत्या घाईघाईनं म्हणाली. "फोटोत सगळ्यांचंच करतात थोडंफार. तुझ्या आईच्या चेहऱ्यावर एक तीळ नव्हता, शंभरदा सांगितलंय."

"मग एवढी पेन्सिल कशाला लागली, आत्या?"

आत्यानं पदराला हात पुसले. तिच्या हाताला काही लागलेलं नव्हतं. बिनआईच्या पोरीला निदान आईची गोष्ट तरी सुंदर द्यावी, म्हणून तिनं चाळीस वर्षं ती गोष्ट घासूनपुसून ठेवली होती. आता म्हातारपणी कुणी त्या गोष्टीवर बोट ठेवावं हे तिला सोसणार नव्हतं.

"हे पुसता येतं ना, अप्पा?"

"येतं. टर्पेंटाइननं."

"पुसायचं नाही," दादा म्हणाला.

इतका वेळ खुर्चीला खुर्ची लावून बसलेला माणूस उठून कपाटापाशी जाऊन उभा राहिला. आत्याही त्याच्या बाजूला सरकली. झालं, दोन पक्ष पडले.

"दादा, आहे तसा स्कॅन झालाय. अप्पांचं काम कुठंही जात नाही."

"स्कॅन म्हणजे फोटो नव्हे. एकुलती एक फिल्म, त्रेचाळीस वर्षांची. ओरखडा पडला म्हणजे? हात दाखवून अवलक्षण."

"मी आयुष्यात दुसरं काय मागितलंय?"

"सगळं तुलाच मिळालंय! शेंडेफळ ना तू!"

"मला?" ती ओरडली. "तुझे तीन फोटो आहेत तिच्या मांडीवर! तीन! अकरा वर्षं आई होती तुला. मला तिचा आवाज माहीत नाही, वास माहीत नाही, आणि चेहरा म्हणून जो होता तो अप्पांनी काढलेला निघाला. मला खरा बघू दे ना रे एकदा!"

दादाचा चेहरा उतरला. वहिनीला तो उतरलेला चेहरा ओळखीचा होता. दुकानात चुकीच्या नंबरची काच लागली की तो असाच दिसायचा. ती उठून त्याच्याजवळ गेली.

"अहो, खरं काय ते सांगा तिला. ओरखड्याची भीती नाही तुम्हाला. रोज शंभर काचा पुसता."

"काय सांगू?" दादा म्हणाला. आवाज एकदम लहान झाला होता. "मला आठवत नाही गं ती, शेंडे. अकरा वर्षांचा होतो, आठवायला हवी. पण डोळे मिटले की हाच येतो समोर, भिंतीवरचा. तिचं चालणं आठवतं, हातातला पितळी डबा आठवतो, आणि मान वर केली की हा फोटो. पुसल्यावर खाली कुणी भलतीच बाई निघाली तर? माझ्याकडं तेवढंच आहे. तेही जाईल."

 शेंडेफळाला लहानपणापासून दादाच्या त्या तीन फोटोंचा हेवा वाटायचा. हा माणूसही आपल्याइतकाच उपाशी असेल हे तिच्या कधी डोक्यात आलं नव्हतं.

"राहू दे मग," ती म्हणाली. फिल्म तिनं चौकटीसकट बाजूला ठेवली.  "राहू दे, दादा. खरंच."

"राहू दे काय, राहू दे?" वहिनी भडकली. "उद्या फिल्म जाईल, परवा आपण जाऊ. एकाला भीती, एकीला हौस, आणि दोघंही बसा भिंतीकडं बघत! अहो, तुम्ही पुसा. तुमच्याच हातानं पुसा. भलतीच कुणी दिसली तर पहिल्या बोळ्याला थांबा."

दादानं अप्पांकडं पाहिलं. लहानपणी प्रगतिपुस्तक दाखवताना बघायचा तसाच.

"पूस," अप्पा म्हणाले. "माझे हात चालत असते तर मीच पुसलं असतं. केव्हाच पुसायला हवं होतं."

मोरीच्या फळीवर टर्पेंटाइनची बाटली होती. वहिनीनं कापसाचे छोटे बोळे केले. दादानं शर्टाच्या बाह्या दुमडल्या, फिल्म चौकटीतून सोडवली आणि दुधी काचेच्या दिव्यावर मॅट बाजू वर करून ठेवली. शेंडेफळानं कडा धरल्या. दोघांची डोकी एकमेकांना लागत होती.

"घासायचं नाही," अप्पा म्हणाले. "टेकवायचं, थांबायचं, उचलायचं. दर वेळी नवीन कापूस."

पहिला बोळा राखाडी होऊन वर आला. दुसराही. दादाचा हात एकदाही हलला नाही. उजवा गाल, डावा गाल, मग कपाळ, शेवटी ओठावरचा भाग. अकरा बोळे लागले. मग वाळेपर्यंत वाट बघणं. तेवढ्या वेळात पाचजणांतलं कुणी पाणी प्यायलाही उठलं नाही. अप्पांनी तर डोळेच मिटून घेतले होते.

दोन पुठ्ठे, मॅट बाजू खाली, धुळीचं बटण बंद. स्कॅनरच्या झाकणातला दिवा सरकत गेला आणि पडद्यावर वरून खाली चेहरा उतरू लागला. केस. कपाळ. भुवयांच्या वर काळसर पट्टा. मग गाल, आणि दोन्ही गालांवर पसरलेले मोठे गडद डाग, नकाशातल्या जमिनीसारखे कडा वेड्यावाकड्या असलेले. ओठावर सावली. डोळ्यांखाली थकवा. आणि मघापर्यंत कॅलेंडरवरच्या बाईसारखी वाटणारी ती बाई आता दिसत होती एकतीस वर्षांची, दमलेली, काहीतरी बोलता बोलता थांबलेली.

"आई," दादा म्हणाला. नुसतंच. मग पडद्यावरच्या डागावर बोट ठेवून म्हणाला, "हे आठवतंय. हे मला आठवतंय, शेंडे! मी इथं हात लावून विचारायचो, हे काय सांडलंय तुला? आणि ती हसायची. अगं, हीच. हीच होती ती."

तो उठून खिडकीत गेला आणि पाठ फिरवून उभा राहिला. वहिनी त्याच्यामागं गेली नाही. त्याला तिथं एकट्यानं उभं राहायचं होतं हे तिला कळत होतं.

शेंडेफळ मात्र हललीच नाही. "वांग आहे हे," ती म्हणाली. "आत्या, तू तर म्हणायचीस एक तीळ नव्हता."

"नव्हताच," आत्या म्हणाली. "खोटं नाही बोलले मी. हे नंतर आलं. शेवटच्या दीड वर्षात."

"कशानं आलं?"

आत्यानं भावाकडं पाहिलं. "सांग आता. माझ्याच्यानं नाही व्हायचं."

अप्पांनी डोळे उघडले. त्यांनी आधी पडद्याकडं पाहिलं, बराच वेळ. मग मुलीकडं.

"तुझ्यामुळं," ते म्हणाले. "पोटात होतीस तू. सातवा महिना. काही बायकांना येतात तसे डाग. दादाच्या वेळी नव्हते आले. ती इथंच बसली होती, याच खुर्चीत. मी म्हटलं, खांद्यापर्यंतच घेतो, पोट दिसायला नको. आणि डागांची काळजी करू नकोस, पेन्सिलीनं काढून टाकीन. तर म्हणाली, काही काढू नका. हा काही माझ्या एकटीचा फोटो नाही, आमच्या दोघींचा आहे."

"दोघींचा?"

"मुलगा की मुलगी, कुणाला ठाऊक होतं तोवर! पण तिला मुलगीच हवी होती. तिनं ठरवूनच टाकलं होतं. पोरगी मोठी झाली की तिला दाखवीन म्हणाली, बघ, तू आत होतीस तेव्हा मी अशी दिसत होते."

"मग काढलंत का, अप्पा?"

"ती गेल्यावर महिनाभरानं काढलं. भिंतीवर लावायला मोठा करायचा होता. मला दुसरं येत काय होतं? हातात पेन्सिल घेतली आणि बसलो. सगळ्या जगाचे डाग काढत होतो, तिचेही काढत गेलो. ती नको म्हणाली होती हे शेवटच्या रेघेला आठवलं. पुसता आलं असतं. पण तोवर ती बरी दिसायला लागली होती गं, आजारी नसल्यासारखी. मग मला पुसवेना." अप्पा पुन्हा पडद्याकडं बघत होते. "तू फोटो मागायचीस आणि तो तुझ्या समोर असायचा. मीच तुला त्यातून काढलं होतं. कोणत्या तोंडानं सांगणार?"

तिला त्यांचा राग यायला हवा होता. आलाही, पण तो टिकला नाही. त्रेचाळीस वर्षांत पहिल्यांदा तिच्या आईनं तिच्याविषयी काहीतरी बोललेलं तिच्या कानावर पडलं होतं, आणि ते शब्द निसटून जातील अशी तिला भीती वाटत होती. ती उठली, अप्पांच्या खुर्चीपाशी जमिनीवर बसली आणि त्यांचे कापणारे हात तिनं आपल्या हातांत घट्ट धरले.

"अप्पा, काय म्हणाली ती? परत सांगा."

"काही काढू नका म्हणाली. हा माझ्या एकटीचा फोटो नाही."

"पुढं?"

"आमच्या दोघींचा आहे."

"पहिल्यापासून सांगा."

त्यांनी पहिल्यापासून सांगितलं. तिसऱ्यांदा सांगताना त्यांचा आवाज फुटला. तरी तिनं चौथ्यांदा विचारलंच.